कोयनेचा भूकंप, नेवाड्यातला बॉम्ब आणि सरकारी अनुदान

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. पाटण-कराड भागातल्या जुन्या माणसांना ही तारीख विचारावी लागत नाही, तेच सांगतात. पण याच भूकंपावरचे परदेशी शोधनिबंध उघडले तर तिथे १० डिसेंबर दिसतो. ती छपाईची चूक नाही. भूकंपशास्त्रज्ञ ग्रिनिचची वेळ लावतात, आणि आपल्याकडे पहाट होत होती तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटं झाली होती.

या तारखेपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचं जास्त नवल वाटतं. पाटण तालुक्यातली जमीन हलली आणि ते हलणं जगाच्या कानाकोपऱ्यातल्या यंत्रांनी एकाच मापानं, एकाच पद्धतीनं कागदावर उतरवून घेतलं. त्याआधी दहा वर्षं असं होऊ शकलं नसतं. मग मधल्या काळात ही यंत्रं कुणी बसवली, आणि कुणाच्या पैशानं? पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा होता. त्यांना कोयनेशी काही देणंघेणं नव्हतं आणि भूकंपांशीही फारसं नव्हतं. त्यांना सोविएत संघाचे बॉम्ब ऐकायचे होते.

अण्वस्त्रांचा प्रसार रोखण्यासाठी सरकारं संशोधनाला अनुदान देतात, हे वाक्य वाचलं की डोळ्यांसमोर एक कंटाळवाणी फाइल येते. त्या फाइलीत नेमकं काय असतं, पैसा कुणाला मिळतो, त्यातून काय निघतं आणि काय निघत नाही, हे वेलापासून सुरू केलं की नीट कळतं. ‘वेला’ हे त्या अमेरिकी कार्यक्रमाचं नाव. माझं मत आधीच सांगून टाकतो: अशा अनुदानात रक्कम किती, याला लोक समजतात तेवढं महत्त्व नाही. पैसा कुठल्या अटींवर दिला, यावर जवळपास सगळं ठरतं.

जमिनीखालची चोरी

१९ सप्टेंबर १९५७ ला अमेरिकेनं नेवाड्यात डोंगराच्या पोटात बोगदा खणून १.७ किलोटनांचा अणुस्फोट केला. त्याचं नाव ‘रेनियर’. पूर्णपणे जमिनीखाली कोंडलेला हा पहिला स्फोट. तोवर चाचण्या उघड्यावर व्हायच्या आणि किरणोत्सारी धूळ वाऱ्यावर पसरायची, त्यामुळे पकडणं सोपं होतं. हवेचे नमुने घेतले की चोर सापडायचा. आता धूर नाही, धूळ नाही. राहिला फक्त जमिनीचा हादरा.

पुढच्याच उन्हाळ्यात अमेरिका आणि सोविएत अशा दोन्ही गटांचे शास्त्रज्ञ जिनिव्हात जमले. त्यांनी हिशेब मांडला की जमिनीवर १६० ते १७० आणि समुद्रात १० जहाजांवर तपासणी केंद्रं उभारली तर चाचणीबंदीचा करार मोडणारा पकडता येईल. पण त्याच वर्षी अमेरिकेनं आणखी काही भूमिगत स्फोट केले, त्यांच्या नोंदी बघितल्या, आणि अमेरिकी शास्त्रज्ञच म्हणायला लागले की आपण जरा जास्तच आशेवर होतो. पृथ्वीवर दरवर्षी हजारो लहानमोठे भूकंप होतात. त्या गर्दीत एक छोटा बॉम्ब लपवणं फार अवघड नाही.

मग प्रश्न आला, भूकंप आणि बॉम्ब वेगळे ओळखायचे कसे?

पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार आठवा. तुम्ही ओढता, ओढता, ते हलत नाही आणि मग एकदम खाडकन सुटतं. भूकंप तसा असतो. भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक वर्षानुवर्षं ताणलेले असतात आणि एका क्षणी एकमेकांना घासून सरकतात. त्यामुळे काही दिशांना जमिनीला पहिला धक्का पुढे ढकलणारा बसतो, तर काही दिशांना मागे ओढणारा. बॉम्बचं तसं नाही. उपड्या डब्याखाली सुतळी बॉम्ब फुटला तर डबा सगळीकडून बाहेरच फुगणार. स्फोटाचा पहिला धक्का चहूबाजूंना बाहेर ढकलणाराच असतो.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात छोट्या स्फोटाचा पहिला धक्का इतका क्षीण असतो की वाऱ्यानं हललेलं झाड, रस्त्यावरचा ट्रक, किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटा यांच्या गोंगाटात तो सापडतच नाही. पुढे एक जास्त भरवशाची खूण मिळाली. स्फोटाच्या मानानं भूकंपात जमिनीच्या पृष्ठभागावरून रांगत जाणाऱ्या संथ लाटा बऱ्याच मोठ्या असतात. म्हणून खोलवरून येणाऱ्या जलद लाटांशी त्यांचं प्रमाण काढायचं. प्रमाण कमी आलं की संशय घ्यायचा. तिसरी खूण खोलीची. हादरा ४० किलोमीटर खालून आला असेल तर निर्धास्त झोपा, तिथवर बॉम्ब नेऊन ठेवणारा अजून जन्माला आलेला नाही.

बर्कनर समितीचा हुशार हट्ट

१९५९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉइड बर्कनर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं अमेरिकी सरकारला जे सांगितलं, ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं. सरकारचा प्रश्न अरुंद होता: बॉम्ब पकडणारं यंत्र किती दिवसांत देता? समितीचं उत्तर असं की, बाबांनो, ज्या पृथ्वीतून हा आवाज येतो ती पृथ्वीच आम्हाला नीट माहीत नाही. आधी मूलभूत भूकंपशास्त्राला पैसा द्या. तेव्हा हे शास्त्र म्हणजे विद्यापीठाच्या एखाद्या कोपऱ्यातली खोली असायची. मोजकी माणसं, जुनी यंत्रं, आणि प्रत्येक देशाचं यंत्र वेगळं, त्यामुळे एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीशी ताडून बघायची सोयच नाही.

सरकारनं ऐकलं. काम ‘आर्पा’ या संरक्षण खात्याच्या नव्या संस्थेकडे गेलं (हीच ती संस्था, जिच्या पैशातून पुढे इंटरनेटचा पूर्वज निघाला). वेलाच्या तीन शाखा झाल्या. वेला युनिफॉर्म जमिनीखालच्या स्फोटांसाठी, वेला सिएरा जमिनीवरून आकाशातल्या स्फोटांवर नजर ठेवण्यासाठी, आणि वेला हॉटेल उपग्रहांसाठी. हॉटेल हे नाव ऐकून हसू येतं, पण ती लष्कराच्या वायरलेसवरची अक्षरं सांगायची पद्धत आहे, एच म्हणजे हॉटेल.

युनिफॉर्मच्या पैशातून १९६० च्या दशकात जवळपास ६० देशांत सुमारे १२० ठिकाणी हुबेहूब सारखी यंत्रं बसली. भारतात दिल्ली, शिलाँग, कोडाईकनाल आणि पुणे. पुण्याची वेधशाळा म्हटलं की लोकांना पावसाचे अंदाज आणि त्यावरचे विनोद आठवतात, पण हे यंत्रही पुण्यात होतं आणि शास्त्रज्ञांच्या नकाशांवर त्या स्थानकाची खूण होती ‘पीओओ’, म्हणजे पूना.

या यंत्राजवळ क्षणभर उभं राहू. अंधाऱ्या खोलीत एक दंडगोल संथपणे फिरतो आहे. त्याला फोटोचा कागद गुंडाळलेला, साधारण ९० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद. कागदावर प्रकाशाचा एक बारीक ठिपका रेघ ओढत जातो. जलद लाटांच्या यंत्रावर एक फेरी १५ मिनिटांची, म्हणजे दिवसाला ९६ रेघा. दर मिनिटाला घड्याळ त्या रेघेवर खूण उमटवतं, आणि ते घड्याळ रेडिओवरच्या वेळेशी रोज पडताळायचं. दुसऱ्या दिवशी कागद काढायचा, फोटो धुतात तसा धुवायचा, वाळवायचा. मग ही मूळ पानं अमेरिकेला पाठवायची, तिथे त्यांची सूक्ष्म फिल्म निघायची आणि पानं परत यायची.

यंत्रं अमेरिकेची, फुकट. जागा आणि माणसं यजमान देशाची. आणि अट अशी की फिल्मच्या प्रती, मागेल त्याला, किरकोळ दरात. मी अटींचं म्हणत होतो ते हेच. खर्च लष्कराचा आणि नोंदी सगळ्यांना खुल्या. सोविएत संघ आणि चीन या जाळ्यात आले नाहीत, तरी बाकीच्या जगाची नोंद एका कपाटात मिळू लागली. न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत लिन साइक्स यांनी याच पानांवरून १९६७ मध्ये दाखवलं की समुद्राच्या तळावरच्या भेगांवर जमीन नेमकी कुठल्या दिशेनं सरकते. भूखंड सरकतात ही आज शाळेच्या पुस्तकात असलेली गोष्ट पक्की होण्यात या पुराव्याचा मोठा वाटा आहे. कोयनेची भेग जवळपास उभी आहे आणि तिथली जमीन मुख्यतः आडवी सरकली, हेही अशाच दूरदूरच्या स्थानकांवरच्या रेघांवरून पुढे मांडलं गेलं. त्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाशी त्याचा संबंध काय, यावर नंतर कित्येक वर्षं जो अभ्यास झाला त्याच्या पायाशीही ही पानं आहेत. अनुदानाचा अर्ज बॉम्बचा होता, हे विसरू नका.

उपग्रहांची गोष्ट आणखी विलक्षण आहे, पण थोडक्यात सांगतो. वेलाचे पहिले उपग्रह ऑक्टोबर १९६३ मध्ये गेले. जुलै १९६७ मध्ये त्यांना गॅमा किरणांचा एक झोत दिसला, जो कुठल्याच बॉम्बसारखा नव्हता. तो अवकाशातून आला होता. हे जगाला कळलं १९७३ मध्ये. खगोलशास्त्राची एक अख्खी शाखा सहा वर्षं कपाटात पडून होती. नोंदी खुल्या नसल्या की असं होतं.

आपलं गौरीबिदनूर

ब्रिटननंही हाच मार्ग धरला, जरा वेगळ्या तंत्रानं. एकेक यंत्र दूरदूर ठेवण्याऐवजी वीसेक यंत्रं काही किलोमीटरच्या टप्प्यात रांगेनं मांडायची. लांबून आलेली लाट या रांगेवरून ठरावीक वेगानं सरकते. स्थानिक गोंगाट मात्र प्रत्येक यंत्रापाशी वेगळा असतो. प्रत्येकाची नोंद योग्य तेवढी पुढेमागे करून बेरीज केली की गोंगाट एकमेकांत विरतो आणि लाट उठून दिसते. दिंडीत हजार जण आपापल्या परीनं बोलत असताना काही ऐकू येत नाही, पण सगळ्यांनी एकदम ‘पुंडलिक वरदे’ म्हटलं की दोन शेतं पलीकडे ऐकू जातं, तसंच हे.

अशी एक मांडणी स्कॉटलंडमध्ये, एक कॅनडात, एक ऑस्ट्रेलियात आणि एक १९६५ मध्ये बंगळुरूच्या उत्तरेला गौरीबिदनूर इथे झाली, ब्रिटिश अणुऊर्जा प्राधिकरण आणि आपलं तुर्भ्याचं अणुऊर्जा केंद्र (आताचं भाभा अणुसंशोधन केंद्र) यांनी मिळून. ज्या केंद्रानं नऊ वर्षांनी पोखरणचा स्फोट घडवला, तेच केंद्र तोवर इतरांचे स्फोट ऐकायला शिकलेलं होतं. यात विसंगती शोधायला जाऊ नये. ज्याला घड्याळ दुरुस्त करता येतं, त्याला ते उघडताही येतं.

आजचं अनुदान कसं चालतं

आता फाइल उघडू. अमेरिकेत हा पैसा मुख्यतः ऊर्जा खात्याच्या राष्ट्रीय अणुसुरक्षा प्रशासनातून येतो. २०११ मध्ये त्यांनी बर्कली विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली विद्यापीठांचा एक गट उभा केला: पाच वर्षांत २.५ कोटी डॉलर. २०१४ मध्ये मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट, २०१९ मध्ये पुन्हा मिशिगन आणि त्यासोबत जॉर्जिया टेक, रक्कम प्रत्येकी तितकीच. आकडा मोठा वाटतो, पण तो डझनभर विद्यापीठांत वाटला जातो. एका एफ-३५ विमानाच्या किमतीत असे तीन गट पाच वर्षं चालतील.

सरकारी पैसा देण्याचे तीन प्रकार असतात. कंत्राट म्हणजे गवंड्याला दिलेलं काम: नकाशा आमचा, इतक्या दिवसांत इतकं बांधून दे. निव्वळ अनुदान म्हणजे पुतण्याला शिकायला दिलेले पैसे: मन लावून शीक, वर्षातून एकदा कळव. या दोहोंमध्ये सहकार्य-करार बसतो. काम विद्यापीठाचंच, पण पैसे देणारा मधूनमधून शेजारी खुर्ची ओढून बसतो. विद्यापीठांचे हे गट तिसऱ्या प्रकारात मोडतात. आधी जाहीर निवेदन निघतं, मग प्रस्ताव जातात, तज्ज्ञ त्यांना गुण देतात, आणि मंजूर रकमेतला बराच भाग विद्यापीठ ‘ओव्हरहेड’ म्हणून, म्हणजे इमारत, वीज, कारकून यांच्यासाठी आधीच कापून घेतं. प्राध्यापकांच्या चहाच्या गप्पांत या कपातीचा विषय निघाला नाही असं होत नाही.

मोठी अट अशी की विद्यार्थ्यांनी लॉस अलामॉस, लिव्हरमोर, ओक रिज अशा राष्ट्रीय प्रयोगशाळांत जाऊन काम करायचं. खरं पीक ते आहे. पुढच्या वीस वर्षांत तपासणीला जाणारी माणसं तयार व्हायला हवीत, कारण यंत्रं विकत मिळतात, अशी माणसं मिळत नाहीत. आपल्याकडून तिकडे अणु-अभियांत्रिकी शिकायला जाणाऱ्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावं: या क्षेत्रातल्या कित्येक शिष्यवृत्त्यांना अमेरिकी नागरिकत्व लागतं. प्रवेश मिळाला म्हणजे हा पैसा मिळेलच असं नाही.

मग ही मंडळी करतात काय? एक उदाहरण सांगतो, कारण ते मला फार आवडतं. समजा दोन देशांनी बॉम्ब मोडीत काढायचं ठरवलं. निरीक्षकाला खात्री हवी की समोरच्या पेटीत खराच बॉम्ब आहे, लोखंडाचा गोळा नव्हे. पण बॉम्बची रचना त्याला दिसता कामा नये. दाखवायचं तर नाही आणि पटवायचं तर आहे.

चिंचोके घ्या. माझ्याकडे दोन बंद डबे आहेत. दोन्हींत सारखेच चिंचोके आहेत असा माझा दावा, पण किती ते मी सांगणार नाही. मी गुपचूप दोन पिशव्या भरतो, प्रत्येकीत शंभराला जितके कमी पडतील तितके. म्हणजे डब्यात ३७ असतील तर पिशवीत ६३. आता कुठली पिशवी कुठल्या डब्यात ओतायची हे तुम्ही ठरवायचं. ओतल्यावर दोन्हीकडे मोजले तर बरोबर १००. मी लबाडी केली असती, एका डब्यात कमी ठेवले असते, तर ते झाकायला त्याच्या पिशवीत जास्त भरावे लागले असते. पण पिशव्यांची जोडी तुमच्या हातात होती, म्हणून निम्म्या वेळा मी पकडला गेलो असतो. हाच खेळ दहा वेळा खेळा, फसवणूक टिकण्याची शक्यता हजारात एक उरते. आणि डब्यात किती होते, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलेलं नाही.

प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये हीच कल्पना बॉम्बला लावली. चिंचोक्यांच्या जागी न्यूट्रॉन आणि पिशव्यांच्या जागी असे शोधक, ज्यांत न्यूट्रॉन लागला की बुडबुडा उमटतो आणि काही बुडबुडे आधीच भरून ठेवलेले असतात. एक डबा म्हणजे खरा असल्याची खात्री असलेला बॉम्ब, दुसरा म्हणजे तपासायचा.

या क्षेत्राची एक जुनी अडचणही इथेच दिसते. पकडण्याची युक्ती छापली की ती चोरालाही वाचता येते. लपवली तर तिच्यातली चूक शोधायला चौथा माणूस मिळत नाही, आणि करारात समोरचा देश तुमच्या गुप्त पेटीवर विश्वास कशाला ठेवेल? अमेरिकेनं १९८५ मध्ये धोरण ठरवलं की मूलभूत संशोधनाचे निष्कर्ष शक्य तितके खुले राहतील. गुप्त ठेवायचंच असेल तर आधीपासून गुप्त म्हणून ठेवा. कटकटी अजून संपलेल्या नाहीत, पण दिशा मला बरोबर वाटते.

पगार देऊन थांबवलेले हात

अनुदानाचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात शोध दुय्यम असतो. सोविएत संघ कोसळला तेव्हा बॉम्ब बनवता येणारी हजारो माणसं महिनोन्‌महिने पगाराविना होती. त्यांना दुसरीकडून बोलावणं येणार, ही भीती उघड होती. म्हणून अमेरिका, युरोपीय समुदाय, जपान आणि रशिया यांनी १९९२ मध्ये करार करून मॉस्कोत एक आंतरराष्ट्रीय विज्ञान केंद्र काढलं, ते १९९४ मध्ये सुरू झालं. शास्त्रज्ञानं नागरी उपयोगाचा प्रकल्प मांडायचा, मंजूर झाला की पैसे थेट त्याच्या खात्यात, करमुक्त. संस्थेमार्फत नाही, मंत्रालयामार्फत नाही. अनुदान हातात पडेपर्यंत वाटेत किती हात लागतात हे आपल्याला कुणी सांगायला नको, त्यामुळे या एका कलमाची किंमत आपल्याला चटकन कळते.

हे कलम नसलं की काय होतं तेही दिसलं. त्याच काळात अमेरिकी ऊर्जा खात्याचा तशाच उद्देशाचा दुसरा कार्यक्रम होता. १९९९ मध्ये अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासनिसांनी त्याची वही उघडली, तर जवळपास निम्मा पैसा अमेरिकेच्याच प्रयोगशाळांत खर्ची पडलेला. मॉस्कोच्या केंद्रातून रशिया २०१५ मध्ये बाहेर पडला आणि केंद्र कझाकस्तानात हललं.

आणि सही?

१९६३ च्या मॉस्को करारात हवेतल्या, पाण्यातल्या आणि अवकाशातल्या चाचण्या बंद झाल्या, भूमिगत मात्र सुटल्या. कारण वर्षाला किती वेळा तपासणीला येऊ द्यायचं यावर एकमत झालं नाही. सोविएत संघ दोन-तीन म्हणत होता, अमेरिका सात-आठ. सर्व चाचण्या बंद करणारा करार १९९६ मध्ये सहीसाठी आला, त्याच्या पहाऱ्यासाठी ३२१ स्थानकांचं जाळं आखलं गेलं. २००६ मध्ये उत्तर कोरियानं केलेला एक किलोटनापेक्षाही छोटा स्फोट या जाळ्यानं टिपला, आणि दोनएक आठवड्यांनी कॅनडात त्यातला किरणोत्सारी झेनॉन वायूही सापडला.

त्याआधीच अमेरिकी सिनेटनं १३ ऑक्टोबर १९९९ ला तो करार ५१ विरुद्ध ४८ मतांनी फेटाळला होता, आणि विरोधकांचा एक मुद्दा होता की छोटे स्फोट पकडता येत नाहीत. त्यांच्याकडे दाखवायला एक ताजं उदाहरणही होतं, ते आपलंच. ११ मे १९९८ चे पोखरणचे स्फोट जगभर नोंदले गेले, त्यांच्या ताकदीवरून आपले आणि परदेशी भूकंपशास्त्रज्ञ अनेक वर्षं भांडले. १३ मेच्या दोन लहान स्फोटांची नोंद मात्र परदेशातल्या स्थानकांवर सापडलीच नाही. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीनं २००२ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये सांगितलं की पकडण्याची क्षमता आता पुरेशी आहे. सिनेटनं करार अजून मंजूर केलेला नाही. रशियानं २०२३ मध्ये आपली मंजुरी मागे घेतली. भारतानं सहीच केलेली नाही, आणि त्या ३२१ पैकी एकही स्थानक भारतात नाही. गौरीबिदनूरच्या नोंदी तुर्भ्याला जातात, या जाळ्याचं मुख्यालय असलेल्या व्हिएन्नाला नाही.